खगोलशास्त्र शिकून पुढे काय?

आकाशाची आवड असलेल्या विद्यार्थ्याला घरात एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो : "हे सगळे ठीक आहे, पण त्यावर पोट भरेल का?" प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तरही सरळ दिले पाहिजे. त्यासाठी खगोलशास्त्राचे काम प्रत्यक्षात कसे चालते ते आधी पाहू.

पुण्याच्या उत्तरेस सुमारे ८० किलोमीटरवर, नारायणगावजवळ खोडद येथे एक मोठी रेडिओ दुर्बीण आहे. प्रा. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांच्या पुढाकाराने ती उभी राहिली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या मिळून ही एक दुर्बीण होते. त्यांपैकी १४ मध्यभागी जवळजवळ आहेत, तर १६ इंग्रजी 'वाय' अक्षराच्या आकारात सुमारे २५ किलोमीटरपर्यंत पसरल्या आहेत.

समजा, दूरच्या एखाद्या दीर्घिकेतील हायड्रोजन वायूपासून निघालेली रेडिओ लहर येथे पोचली. प्रथम ती तबकडीवर पडते. ही तबकडी भरीव पत्र्याची नसून पोलादी तारांच्या जाळीची आहे. जाळीची भोके लहरीच्या लांबीच्या मानाने फारच लहान असल्याने लहरीला ती आरशासारखीच वाटते. वारा मात्र त्यातून आरपार जातो. त्यामुळे तबकडी हलकी झाली आणि खर्चही वाचला. हे काम स्थापत्य आणि यंत्र अभियंत्यांचे.

परावर्तित लहर केंद्राशी एकवटते. तेथे मिळणारा संदेश अतिशय क्षीण असतो. स्वतःचा गोंगाट न मिसळता तो वाढवणारे विवर्धक लागतात. ते इलेक्ट्रॉनिक्सवाले बनवतात. मग संदेश प्रकाशतंतूंच्या केबलमधून मध्यवर्ती इमारतीत जातो. तेथे दर दोन तबकड्यांच्या संदेशांची एकमेकांशी सांगड घालतात. तीस तबकड्यांच्या अशा जोड्या किती? ३० × २९ ÷ २, म्हणजे ४३५. हे काम सतत करणारी यंत्रणा संगणकतज्ज्ञांच्या हाती असते. तबकड्या फिरवणाऱ्या मोटारी आणि गिअर चालू ठेवायला कुशल तंत्रज्ञ लागतात. इतके झाल्यावर आकाशाचे जे चित्र तयार होते, त्याचा अर्थ लावायला बसतो तो खगोलशास्त्रज्ञ.

म्हणजे 'खगोलशास्त्रात काम करणे' आणि 'खगोलशास्त्रज्ञ होणे' या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीचे दरवाजे अनेक आहेत. हिंगोली जिल्ह्यातील औंढ्याजवळ गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारने २०२३ मध्ये मंजुरी दिली. तिलाही लेसर, निर्वात तंत्र आणि संगणक जाणणारी माणसे लागतीलच.

दुसरीचा रस्ता मात्र लांबचा आहे. बारावीनंतर भौतिकशास्त्राची पदवी आणि एम. एस्सी. यांत साधारण पाच वर्षे जातात. मग 'नेट' किंवा 'जेस्ट'सारखी परीक्षा देऊन पीएच. डी.ला प्रवेश मिळतो. तेथे आणखी पाच-सहा वर्षे. या काळात घरच्यांवर भार पडू नये म्हणून पाठ्यवृत्ती असते. कनिष्ठ संशोधकांसाठी ती २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये झाली. त्यानंतरही काही वर्षे, पुष्कळदा परदेशात, मुदतीच्या नेमणुकीवर संशोधन करावे लागते. कायमची जागा मिळेपर्यंत तिशी उलटून जाते. बरोबरचा मित्र अभियंता होऊन तोवर दहा वर्षे कमावत असतो. शिवाय जागा थोड्या आणि उमेदवार अनेक. पुण्याची 'आयुका' किंवा राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र, बंगळूरची भारतीय ताराभौतिकी संस्था, नैनितालची 'एरीज', अशा संस्था आणि काही विद्यापीठे एवढाच हा व्याप आहे. पीएच. डी. झालेल्या प्रत्येकाला तेथे जागा मिळत नाही. हे पालकांपासून लपवू नये, आणि स्वतःपासून तर मुळीच नको.

मग जागा मिळाली नाही तर शिक्षण फुकट गेले का? तसे नाही. प्रचंड गोंगाटातून क्षीण संदेश वेगळा काढणे, संगणकाला काम सांगणे आणि उत्तरात चूक किती असेल हेही मोजणे, ही खगोलशास्त्राची खरी शिकवण आहे. वैद्यकीय प्रतिमा, उपग्रहांची छायाचित्रे, हवामान, माहितीचे विश्लेषण, सगळीकडे तिला मागणी असते. ऑस्ट्रेलियातील जॉन ओ'सुलिव्हन यांनी १९७०च्या दशकात कृष्णविवरांच्या स्फोटांचे रेडिओ संकेत शोधले. ते सापडले नाहीत. पण त्या कामात हाताशी आलेले गणित पुढे १९९०च्या दशकात त्यांच्या गटाला बिनतारी संगणक-जोडणीसाठी, म्हणजे आजच्या वाय-फायसाठी, उपयोगी पडले.

म्हणून विद्यार्थिमित्रहो, आवड असेल तर आत्ताच 'खगोलशास्त्राचा कोर्स' शोधत फिरू नका. गणित आणि भौतिकशास्त्र पक्के करा. संगणकाची एखादी भाषा शिका. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या देखरेखीखाली चालणाऱ्या खगोलशास्त्र ऑलिंपियाडची माहिती शिक्षकांना विचारा. फेब्रुवारीअखेर विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला विज्ञान प्रदर्शन भरते. तेथे जा आणि तबकड्यांबरोबर तेथे राबणारी माणसेही पाहा. त्यांच्यापैकी कोणाचे काम आपल्याला करावेसे वाटते, हे स्वतःला विचारा.

आणि एकाचेही वाटले नाही, तरी काही बिघडत नाही. पुण्यातील ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी मंडळींना आकाश दाखवीत आली आहे. पोटासाठी दुसरा व्यवसाय करूनही ताऱ्यांशी नाते ठेवता येते.