फोनचा डबा बदलावा, की आधी बॅटरी घ्यावी?

परतवाड्याहून धारणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सिपना नदीच्या काठी सेमाडोह आहे. चिखलदरा तालुक्यातलं हे गाव मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या ऐन रानात. पावसाळ्यात फांदी तारेवर पडली की लाइन जाते, ती येईल तेव्हा खरी. अशा ठिकाणी फोन ही काही चैनीची वस्तू नाही. साप चावला, बाळंतीण अडली, तर 108 लागलाच पाहिजे. म्हणून घरातल्या किंवा ग्रामपंचायतीतल्या इंटरनेटच्या फोनचा डबा बदलायची गोष्ट निघाली, की पहिला प्रश्न विजेचा विचारावा.

जुन्या तांब्याच्या तारेच्या फोनला घरची वीज लागत नसे. एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांचा 48 व्होल्टचा प्रवाह त्याच तारेतून येई. गावात अंधार असला तरी घंटी वाजे. फायबर म्हणजे काचेचा धागा. त्यातून उजेड जातो, वीज जात नाही. भिंतीवरचा डबा आपला आवाज आकड्यांत बदलून पुढे पाठवतो. फायबरवाले त्याला ओएनटी म्हणतात. फोनसाठी वेगळा डबा असला तर तो एटीए. नाव काही असो, दोन्ही घरच्या विजेवर चालतात. लाइन गेली की डबा गेला, डबा गेला की फोन बी गेला.

नवा डबा लावला की आवाज साफ येईल, असं विकणारा सांगतो. हे जरा तपासून घ्यावं. एका कॉलला जाता-येता प्रत्येकी सेकंदाला साधारण 100 किलोबिट पुरतात. साधं ब्रॉडबँडही याच्या कितीतरी पट देतं. तरी आवाज तुटत असेल तर घरातले सगळे व्हिडिओ बंद करून फोन लावून पाहा. आता साफ आला, तर दोष गर्दीचा आहे. राउटरमध्ये फोनला पहिला मान देण्याची सोय असते, ती तंत्रज्ञाकडून लावून घ्या. तरीही तुटला, तर तक्रार लाइनची करा. दोन्ही वेळा नव्या डब्यावर पैसे घालून उपयोग नाही.

मात्र डबा आपोआप बंद-चालू होत असेल, चार्जर बदलूनही थांबत नसेल, तर बदला. कंपनीने त्याच्या सॉफ्टवेअरची दुरुस्ती पाठवणं बंद केलं असेल तरी बदला. आणि कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच असेल तर तो आजच बदला, त्याला नवा डबा लागत नाही. असे उघडे डबे बाहेरचे लोक हेरतात, परदेशी फोन लावतात आणि बिल आपल्या नावे येतं. एक बारीक गोष्ट: चकती फिरवायचा जुना फोन पुष्कळ नव्या डब्यांना कळत नाही. बटणांचा फोन ठेवावा.

आता बॅटरी. फवारणीच्या बॅटरीपंपात असते तसल्या 12 व्होल्ट, 7 अँपिअर-तासाच्या बॅटरीत 84 वॅट-तास भरतात. डबा 10 वॅट खात असेल तर कागदावर आठ तास, प्रत्यक्षात पाच-सहा धरा. मात्र पंपाची बॅटरी काढून थेट तारा जोडू नका. भरताना तिचा दाब 14 व्होल्टपर्यंत चढतो, डबा जळू शकतो. राउटरसाठी छोटे यूपीएस मिळतात, ते घ्या. राउटर वेगळा असेल तर त्यालाही त्यावरच ठेवा. पैसे एकाच वस्तूपुरते असतील, तर आमच्या मते आधी हीच घ्यावी.

कित्येक घरांना डब्याची गरजच नाही. एअरटेलने डिसेंबर 2019 मध्ये आणि जिओने जानेवारी 2020 मध्ये वायफाय कॉलिंग सुरू केलं. टॉवर दिसत नाही, पण वायफाय आहे, अशा जागी चालणाऱ्या मोबाइलवर नेहमीच्याच नंबराने बोलता येतं. सेटिंगमध्ये एक बटण चालू करायचं असतं. बॅटरी मात्र इथेही राउटरला लागतेच.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी अंदाजपत्रकात डबा आणि बॅटरी एकाच ओळीत मांडावी. बॅटरी "पुढच्या वर्षी" गेली की जातेच. जुना नंबर राहील का, डबा विकत की भाड्याने, बिघडला तर किती दिवसांत कोण येणार, हे लेखी घ्यावं. मग दिवसाउजेडी मेन स्विच बंद करून घरच्याच कोणाला फोन लावून पाहावा. तपासणीसाठी 108 ला लावू नये.

फायबरच तुटला, तर बॅटरीही कामाची नाही. गावाच्या कोणत्या टेकडीवर, कोणत्या वळणावर कोणत्या कंपनीची रेंज येते, हे आशाताईंच्या वहीत आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहून ठेवलेलं बरं.