चाबकाच्या दांडीतलं घड्याळ

जुन्या वस्तूंच्या कॅटलॉगमध्ये खिशातलं छायायंत्र दिसलं की माझं हातातलं काम बाजूला पडतं. पितळेची किंवा हस्तिदंताची डबी, आत होकायंत्राची सुई, वर उभी करायची छोटी पाती. सुईवरून उत्तर धरायची आणि पातीची सावली कोणत्या आकड्यावर पडते ते पाहायचं. अमेरिकेत वसाहती करायला गेलेले इंग्रज अशा डब्या बाळगत. १६०७ साली व्हर्जिनियात जॉन स्मिथ तिथल्या मूळ रहिवाशांच्या हाती सापडला, तेव्हा त्याने त्यांच्या प्रमुखाला असंच हस्तिदंती यंत्र दिलं. सुई हलताना दिसते, पण मध्ये काच असल्याने बोट लागत नाही, याचं त्या मंडळींना भारी नवल वाटलं, असं स्मिथनेच लिहून ठेवलंय. गडी बढाईखोर होता, पण हा तपशील बढाईतून सुचणारा नाही. अमेरिकेचं एवढं पुरे.

कारण माझा जीव अडकलाय तो कोकणातल्या यंत्रात. मुरूड-जंजिऱ्याजवळच्या नांदगावचे गणेश दैवज्ञ ‘ग्रहलाघव’मुळे प्रसिद्ध आहेत. शके १४४२ म्हणजे इ.स. १५२० पासूनचं गणित मांडणारा, ज्या-चापांची कटकट टाळणारा हा ग्रंथ पंचांगकर्त्यांनी पुढे शतकानुशतकं वापरला. पण त्याच गणेशांनी प्रतोदयंत्रावर, म्हणजे चाबूकयंत्रावर, एक छोटं प्रकरण लिहिलंय, ते फारसं कुणाला ठाऊक नसतं. घोड्यावर बसल्याबसल्या चाबकाच्या दांडीवरच वेळ कळावी, ही त्यातली कल्पना. शंकर बाळकृष्ण दीक्षितांच्या १८९६ च्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्रा’त गणेशांच्या कामाची विस्ताराने दखल आहे. दीक्षितही मुरूडचेच, पण ते मुरूड दापोलीचं.

तत्त्व अगदी साधं. दांडीच्या वरच्या टोकाला आडवी खुंटी बसवायची, दांडी दोरीने लोंबती धरायची आणि खुंटी सूर्याच्या रोखाने येईपर्यंत फिरवायची. सावली सरळ खाली दांडीवर उतरते. सूर्य जितका वर, तितकी ती लांब. जमिनीवरच्या सावलीच्या बरोबर उलट. त्या त्या महिन्याच्या बाजूवर घटिकांच्या खुणा कोरलेल्या असल्या की काम झालं. एक घटी म्हणजे २४ मिनिटं.

देवरूखात मी अशी दांडी सुतारकाकांकडून करून घेतली. शिवणीचं लाकूड, आठ पैलू. “काका, अजून जरा सरळ तासा,” म्हटल्यावर ते म्हणाले, “अहो, गोल केली असती तर चाललं नसतं का? पालखीच्या दांड्याला नाहीत एवढी तुमची नाटकं!” पैलू हवेत कारण प्रत्येकावर वेगळ्या महिन्यांच्या खुणा. सूर्य ज्या वाटेने उत्तरेला जातो त्याच वाटेने परततो, त्यामुळे एका पैलूवर दोन महिने भागतात. हिमालयात, दार्जिलिंगकडे, यात्रेकरूंच्या अशाच अष्टकोनी काठ्या असत.

गंमत पुढे आहे. देवरूखचा अक्षांश सुमारे १७. खुंटी एक इंचाची घेतली तर डिसेंबरअखेरीस भरदुपारची सावली सव्वा इंचाच्याही आत राहते, मार्चमध्ये विषुवदिनी सव्वातीन इंच होते आणि मेच्या पहिल्या आठवड्याअखेर सूर्य थेट डोक्यावर आला की दांडी सोडून खालीच निघून जाते. म्हणजे उन्हाळ्यात आखूड खुंटी हवी. शिवाय दुपारच्या आगेमागे सावली हलता हलत नाही, आणि दहाची सावली की दोनची, हे ती सांगत नाही. ते पोटाला कळतं. सकाळी सह्याद्री आडवा, त्यामुळे पहिल्या घटिकांच्या खुणा कोरून उपयोग नाही.

तरीही प्रवाशासाठी मी चाबूकयंत्रालाच वर धरतो. होकायंत्राच्या डबीला सपाट जागा हवी. घोड्यावर सुई नुसती नाचते. जवळ लोखंड आलं की तिची दिशा गेलीच. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ साली अलिबागला हलवावी लागली, मग कमरेच्या तलवारीपाशी सुई काय टिकणार? त्यात पातीचा कोन गावाच्या अक्षांशाइतका लागतो. बॉस्टनसाठी ४२ अंशांवर केलेली पाती देवरूखात कुचकामी. इथे ती जवळजवळ आडवी पडायला हवी. पॅरिसच्या बटरफील्डच्या डब्यांमध्ये ही पाती खालीवर करता येते आणि इवल्याशा पक्ष्याची चोच अक्षांश दाखवते. फार देखणं काम! पण आकडे साधारण ४० च्या पुढचे, आपल्यासाठी चोचीला जागाच नाही. अक्षांश दांडीलाही चुकलेला नाही, पण तो खुणांमध्येच मुरलेला असतो आणि दिशेची तर तिला गरजच नाही.

मनगटावरच्या घड्याळाशी मात्र दांडीचं जमत नाही. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची आणि देवरूख ७३.६ च्या आसपास, म्हणून सूर्य सरासरी ३५-३६ मिनिटं मागे. त्यात सूर्याची स्वतःची चालही वर्षभर सारखी नसते. फेब्रुवारीत इथला खरा मध्यान्ह १२ वाजून ५० मिनिटांना येतो, दिवाळीच्या सुमारास १२ वाजून २० च्या आगेमागे. दांडी तपासायची असेल तर हेच दिवस घ्यावेत, पाऊस सरलेला असतो. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातही सूर्य पुन्हा देवरूखच्या डोक्यावरून जातो, पण तेव्हा इथे सावली पडायला ऊन कुठलं? त्या महिन्यांत घटिकापात्रच खरं.