रिपोर्ट अडला कुठे?

गेल्या पावसाळ्यात जिंतूरकडच्या एका खेड्यातून सात महिन्यांची गरोदर बाई आमच्या ओपीडीत आली. सोमवारी एका खासगी लॅबमध्ये रक्त दिले होते. 'रिपोर्ट मोबाईलवर बघा' असे तिथे सांगितले. दोन दिवस लिंक उघडायची, पण तिचे नाव काही दिसेना. बुधवारी दीर एसटीने येऊन कागद घेऊन गेला. हिमोग्लोबिन ६.४! सातच्या खाली म्हणजे तीव्र रक्तक्षय. अशा बाईला घरी ठेवून चालत नाही. तिचे निभावले.

लॅबवाले ओळखीचे. विचारले तर म्हणाले, "सर, डेटाबेस भरला. कॉम्प्युटरवाला म्हणतो, पैशाची एडिशन घ्या."

डेटाबेस म्हणजे आपली रेकॉर्ड रूम. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरची एक्स्प्रेस ही फुकट एडिशन पुष्कळ लॅब वापरतात. २०२२ पर्यंतच्या आवृत्तीत तिच्या एका डेटाबेसमध्ये १० जीबीच माहिती मावते. ती भरली की जुने रिपोर्ट दिसत राहतात, नवी नोंद मात्र होत नाही. म्हणून लिंक उघडत होती!

आता हिशेब करा. रिपोर्टचे नुसते आकडे आणि नावे साठवली तर एकाला फार तर पाच केबी लागतील. रोज शंभर रिपोर्ट धरले तरी १० जीबी पन्नास वर्षे पुरते. या लॅबने मात्र प्रत्येक रिपोर्टची तीनशे केबीची पीडीएफ डेटाबेसमध्येच कोंबली होती. मग साडेअकरा महिन्यांत दार बंद! पीडीएफ आणि एक्स-रे वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायचे आणि डेटाबेसात फक्त त्यांचा पत्ता लिहायचा, एवढाच उपचार होता. सर्दीला आयसीयू कशाला?

मर्यादा माहीत नसली की मोठ्यांचेही असेच होते. २०२० च्या शरद ऋतूत इंग्लंडमध्ये कोरोनाच्या नोंदी एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलीत भरल्या जात होत्या. तिच्यात ६५,५३६ ओळीच मावतात. १५,८४१ बाधितांची नोंद बाहेर राहिली आणि त्यांच्या संपर्कातल्या लोकांना शोधायला उशीर झाला.

काम खरेच वाढले, चार शाखा झाल्या, तर स्टँडर्ड एडिशनचा विचार करावा. ती महाग आहे. होस्टिंग कंपन्यांमार्फत भाड्याने मिणणारी स्वस्त वेब एडिशन होती, पण २०२५ च्या आवृत्तीपासून ती बंद झाली. त्याच आवृत्तीत एक्स्प्रेसची मर्यादा मात्र ५० जीबी झाली आहे. 'डेव्हलपर' एडिशन फुकट आणि सर्वगुणसंपन्न, म्हणून काही जण गुपचूप तीच बसवतात. तिचा परवाना प्रोग्राम लिहून तपासण्यापुरताच आहे. रुग्णांचे रोजचे काम तिच्यावर चालवणे नियमात बसत नाही. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएलची कम्युनिटी एडिशन यांना आकाराची अशी अट नाही आणि पैसेही लागत नाहीत, पण तुमचा प्रोग्राम त्यांच्यावर चालतो का, हे आधी विचारा.

औषधासारखी आवृत्तीलाही मुदत असते. २०१४ च्या आवृत्तीची ९ जुलै २०२४ ला संपली. त्यानंतर सुरक्षेची नियमित दुरुस्ती येत नाही.

मला खरी काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटते. एक्स्प्रेसमध्ये ठरल्या वेळी आपोआप बॅकअप घेणारी सोय नाही. ती विंडोजमधून वेगळी लावावी लागते. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सच्या सर्व्हरवर हल्ला झाला, तेव्हा पाच सर्व्हरमधला सुमारे १.३ टीबी डेटा कुलूपबंद झाला आणि केसपेपर पुन्हा हाताने लिहावे लागले. रुग्णांची माहिती परत मिळाली ती हल्ल्यातून वाचलेल्या बॅकअप सर्व्हरवरून.

लॅबवाल्यांना विचारले, "तुमचा बॅकअप कुठे असतो?"

"आहे ना सर, त्याच मशीनच्या डी ड्राइव्हला."

आता ते दर रविवारी बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी घेतात आणि डिस्क घरी नेतात. एडिशन जुनीच आहे, फुकटची.