पहिले पान टाकण्याआधी

मेंढीकोट न येणारा माणूस साकोलीच्या बाजूला शोधावाच लागेल. धानाची रोवणी आटोपली की ओसरीवर चार माणसे आणि पत्त्यांचा एक कॅट एवढ्यावर डाव सुरू होतो. ब्रिज मात्र क्लबातल्या साहेबलोकांचा खेळ, अशी आपल्याकडे समजूत आहे. वास्तविक तो मेंढीकोटाचा चुलतभाऊच. चार खेळाडू, समोरासमोर बसलेले भिडू, प्रत्येकी तेरा पाने आणि हुकूम या गोष्टी दोन्हीकडे सारख्याच. ब्रिजमध्ये आपली जोडी किती हात करणार याची बोली आधी लावावी लागते, आणि बोली जिंकणाऱ्याच्या भिडूची पाने टेबलावर उघडी मांडली जातात. या उघड्या पानांना डमी म्हणतात. बोली जिंकणारा स्वतःची व डमीची अशी सव्वीस पाने एकटाच खेळतो. प्रतिपक्षाने पहिले पान टाकले, डमी उघडली, की त्याला ५२ पैकी निम्मी पाने दिसू लागतात. आता घाई न करता विचार करायचा. नवशिक्याचे डाव बहुधा इथेच, पहिल्याच हातात बुडतात.

एक डाव मांडून पाहू. बोली आहे बिनहुकमी नऊ हातांची. म्हणजे हुकूम नाही, आणि तेरापैकी नऊ हात करायचेच.

डमी:
इस्पीक – राजा, ५
बदाम – ८, ७, ३
चौकट – राणी, गुलाम, १०, ९, ५
किलवर – ९, ६, ४

आपली पाने:
इस्पीक – एक्का, ६, २
बदाम – एक्का, राजा, ५
चौकट – राजा, ४, २
किलवर – एक्का, राजा, ७, ३

डावीकडच्या खेळाडूने इस्पीकची राणी टाकली आहे.

मेंढीकोटात मुरलेला माणूस इथे पटकन डमीचा राजा टाकतो. एक्का हे मोठे पान, ते अडीअडचणीला जपून ठेवावे, ही त्याची सवय. सवय वाईट नाही, पण आधी मोजून तर पाहू.

न हरता, लगेच घेता येतील असे हात किती? इस्पीकचे दोन, बदामाचे दोन, किलवरचे दोन. झाले सहा. चौकटचा अजून एकही नाही, कारण एक्का प्रतिपक्षाकडे आहे. तीन हात कमी पडतात आणि ते चौकटमधूनच येतील हे उघड आहे. राजा, राणी, गुलाम, १० आणि ९ ही पाठोपाठची पाच पाने आपलीच. एक हात एक्क्याला दिला की चार हात आपले. सहा आणि चार दहा, म्हणजे गरजेपेक्षा एक जास्तच.

पण प्रतिपक्ष एक्का लगेच टाकेल कशावरून? तो थांबेल. आपल्याकडे चौकटची तीनच पाने आहेत. तो पहिले दोन हात सोडून देईल आणि तिसऱ्याला एक्का मारेल. आता डमीत चौकटची दोन पक्की पाने उरलेली आहेत, आणि आपल्याकडे चौकट संपली आहे. डमीत जायचे कसे? बदाम आणि किलवर तिथे किरकोळ आहेत. एकच वाट आहे, इस्पीकचा राजा. आणि तो तर आपण पहिल्याच हातात खर्चून बसलो! तलाव काठोकाठ भरलेला, पण बांधीपर्यंत जाणारा पाटच फुटलेला, अशी गत. चौकटचे दोनच हात मिळून बेरीज आठवर अडते. उरते एकच आशा: किलवरची प्रतिपक्षाकडची सहा पाने तीन-तीन वाटलेली असली तर आपले चौथे किलवर पिकेल. तेही वेळेत पिकले तरच.

म्हणून पहिला हात आपल्या एक्क्यानेच घ्यायचा. मग चौकटचा राजा, त्यानंतर डमीतील राणी, गुलाम असे खेळत राहायचे. एक्का पडल्यावर प्रतिपक्ष काहीही टाको, इस्पीकच्या राजावरून डमीत पोचता येते. या क्रमाने खेळल्यास चौकटची पाने प्रतिपक्षात कशीही वाटलेली असली तरी बोली पुरी होते, हे विद्यार्थ्यांकडून पडताळून घ्यावे. एकाकडे पाचही असली तर काय, हा प्रश्न कोणीतरी विचारेलच.

वर तीन-तीन वाटणीचा उल्लेख आला. सहा पाने दोघांत असतील तर ती बहुधा तीन-तीन असणार, असे बहुतेकांना वाटते. गणित तसे सांगत नाही. प्रतिपक्षाची २६ पाने दोघांत वाटण्याचे १,०४,००,६०० प्रकार आहेत. त्यांपैकी सहा पाने तीन-तीन पडण्याचे प्रकार ३६,९५,१२०, म्हणजे सुमारे ३५.५ टक्के. चार-दोन वाटणी मात्र ४८.४ टक्के वेळा येते, कारण चार पाने याच्याकडे किंवा त्याच्याकडे अशा दोन तऱ्हांनी ती होऊ शकते. वर्गात हे करून पाहता येते. एका रंगाची सहा आणि इतर रंगांची वीस पाने घ्या, पिसा, तेरा-तेरा वाटा, नोंद करा. चाळीस मुलांनी प्रत्येकी वीसदा वाटले तर आठशे नोंदी होतात. त्यांत तीन-तीन २८४ च्या आसपास आणि चार-दोन ३८८ च्या आसपास यावेत.

या आकड्यांचा उपयोग, खात्रीची वाट नसते तेव्हा. समजा, एकच हात कमी पडतो आहे आणि तो मिळवण्याचे दोन उपाय आहेत. डमीत चौकटची राणी, ७, ५, २ आणि आपल्याकडे एक्का, राजा, ४. बाहेरची सहा पाने तीन-तीन असली तर डमीचे चौथे पान पिकेल. दुसरीकडे आपल्याकडे किलवरचा एक्का-राणी आहे. डमीतून लहान किलवर खेळायचे आणि राजा उजवीकडे आहे असे धरून राणी टाकायची. याला फिनेस म्हणतात आणि तो निम्म्या वेळा साधतो. ५० हे ३५.५ पेक्षा मोठे म्हणून आधी फिनेस करावा काय? नाही. फिनेस फसला तर प्रतिपक्षाच्या हाती खेळ जातो, आणि आपले चौकट पिकण्याआधीच तो आपले हात वाजवून घेईल. चौकट तपासायला काहीच खर्च नाही. तिन्ही हात आपलेच. म्हणून आधी एक्का, राजा आणि शेवटी डमीची राणी. पाने तीन-तीन पडली तर फिनेसची गरजच नाही. नाही पडली तर आपण डमीतच आहोत, तिथूनच फिनेस. एकूण शक्यता ३५.५ अधिक उरलेल्या ६४.५ चे निम्मे, म्हणजे जवळजवळ ६८ टक्के. तेच दोन उपाय, फक्त क्रम बदललेला.

शाळेत पत्ते म्हटले की भुवया उंचावतात. त्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. पैशांचा जुगार आपल्या गावांनी पुष्कळ पाहिला आहे. पण १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवताना, त्यातील दैव हे ब्रिजमधल्या पाने वाटण्यातील दैवासारखेच असल्याचे म्हटले होते. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धांत ब्रिजचा प्रथमच समावेश झाला आणि पुरुष दुहेरीत प्रणव बर्धन व शिवनाथ सरकार यांनी भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. त्या वेळी बर्धन साठ वर्षांचे होते, सरकार छप्पन्नचे.

ज्यांना बोली लावणे अवघड वाटेल त्यांनी ती तूर्त सोडून द्यावी. वरचा डाव फळ्यावर लिहावा, चार मुलांना पाने द्यावीत आणि पहिले पान पडल्यावर घड्याळ लावून दोन मिनिटे कोणालाही काही खेळू देऊ नये. त्या दोन मिनिटांत मुलांनी कागदावर फक्त तीन आकडे लिहायचे: हवेत किती, आहेत किती, कमी किती. राजा टाकायचा की एक्का, हे त्यानंतर विचारावे.