जुनी नाणी ओळखताना – लेखांक ७ : वऱ्हाडातील झिजलेले सातवाहन नाणे

अमरावती-अकोल्याच्या काळ्या मातीत नांगराला लागणारे तांब्याचे जुने नाणे बहुधा फार जुने नसते. ते जाड, ओबडधोबड असून त्यावर फारसी अक्षरे असतील, तर ते मोगल किंवा निजामी काळातील. अचलपूरलाही त्या काळी टांकसाळ होती. देवनागरी ‘श्री’ किंवा ‘छत्रपति’ दिसले की ती शिवराई. या दोन्ही शक्यता मागे पडल्यावर, नाणे लहान, काळपट-करडे आणि अंगठ्याच्या नखाहून थोडेसेच मोठे असेल, तर सातवाहनांचा विचार करावा.

अशा नाण्याचा धातू नुसते तांबे नसतो. तांब्यात शिसे आणि कथील मिसळलेल्या या धातूला नाणेशास्त्रात ‘पोटीन’ म्हणतात. पोटीनची बरीच नाणी साच्यात ओतलेली असल्यामुळे कडेला कधी रस आत गेल्याच्या वाटेचा लहान खुंट उरतो. तो सापडला, तर ठशाने ठोकलेल्या नाण्यापासून हे नाणे वेगळे काढता येते. नाणे चिंच, लिंबू किंवा राखेने मात्र कधीही घासू नये. शतकानुशतके जमलेल्या कळंकाच्या थरातच अक्षरांचे उरलेसुरले उठाव टिकून असतात, आणि घासताना आधी तेच जातात. कोरडा मऊ ब्रश आणि बाजूने तिरका पडणारा उजेड, एवढे पुरते. तिरक्या उजेडात प्रत्येक उठावाची सावली पडते, आणि समोरून सपाट वाटणाऱ्या नाण्यावर आकृती दिसू लागते.

आधी मागची बाजू पाहावी. तिथली आकृती साधी आणि ठसठशीत असल्यामुळे झिजेत जास्त टिकते: फुलीच्या चार टोकांना चार वर्तुळे, म्हणजेच उज्जैन-चिन्ह. दोन वर्तुळे आणि मधला आडवा-उभा दुवा उरला, तरी ते ओळखता येते. पुढच्या बाजूला हत्ती असतो. पाठीची कमान आणि खांबासारखे पाय उरतात. सोंड आधी झिजते. हत्ती टिपू सुलतानाच्या तांब्याच्या नाण्यांवरही आहे, पण त्यांच्या मागे फारसी अक्षरे असतात. दोन्ही बाजू जुळल्याशिवाय निष्कर्ष काढू नये, तो याचसाठी.

राजाचे नाव हत्तीच्या भोवती, कडेने, ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत येते: ‘रञो सिरि सातकणिस’, म्हणजे ‘राजा श्री सातकर्णीचे’. अडचण अशी की ठसा मोठा आणि नाणे लहान, त्यामुळे निम्मी अक्षरे मुळातच नाण्याबाहेर पडलेली असतात. ‘क’ फुलीसारखा असल्याने बहुधा तो आधी सापडतो. पण ‘सातकणि’ हे अनेक राजांच्या नावात असल्यामुळे त्याच्या आधीचे अक्षर वाचल्याशिवाय राजा ठरत नाही.

इथे एकटे नाणे हतबल होते आणि निधी बोलू लागतो. १९३९ साली तत्कालीन अकोला जिल्ह्यातील (आता वाशिम) मंगरूळपीर तालुक्यात तऱ्हाळा येथे सातवाहनांच्या दीड हजारांहून अधिक पोटीन नाण्यांचा साठा सापडला. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी त्याचा अभ्यास केला. एकाच प्रकारची अनेक नाणी शेजारी ठेवली की एकावर सुटलेले अक्षर दुसऱ्यावर मिळते. या साठ्यातून सातकर्णी, पुळुमावी, यज्ञ सातकर्णी यांच्याबरोबर कुंभ, कर्ण आणि शक सातकर्णी अशी पुराणांच्या यादीत न आढळणारी नावेही पुढे आली. सातवाहनांच्या उत्तरकाळासाठी वऱ्हाडातला हा साठा फार मोलाचा आहे.

ब्राह्मीबरोबर ग्रीक अक्षरेही शोधणाऱ्याने पोटीन सोडून चांदीच्या नाण्यांकडे वळावे. क्षत्रप नहपानाच्या नाण्यांवर ग्रीक, ब्राह्मी आणि खरोष्ठी अशा तीन लिपी आहेत. १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभी येथे अशी तेरा हजारांहून अधिक नाणी सापडली; त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. अशा नाण्यावर नहपानाच्या चेहऱ्यावरून उज्जैन-चिन्ह गेलेले दिसले, की ती झीज नसून पुनर्मुद्रण असते.

साठा फुटून सुटी नाणी विकली गेली, तर शेजारच्या नाण्यांचा हा आधारच जातो. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. कळवताना गाव, शेताचा गट क्रमांक, किती खोलीवर सापडला आणि सोबत मडके होते का, हेही लिहून द्यावे.