अंगणातली झाडं – ९ : मेपलचा हट्ट आणि कोशिंबाची पालवी

ऑनलाइन दुकानांत हल्ली ‘निळ्या जपानी मेपल’चं बी मिळतं. निळ्या पानांचा मेपल जगात कुठेही नाही. निळाई फक्त चित्रातल्या पानांना फासलेली असते. लाल मेपल मात्र खरा आहे. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल पेटर थुनबर्ग यांनी १७८४ मध्ये त्याला ‘एसर पाल्मेटम’ हे नाव दिलं, आणि त्याच्याही आधीपासून जपानी माळी त्याचे नवनवे वाण जपत आले होते. असं झाड आपल्या अंगणात असावं, असं गोव्यात पेडण्यातल्या किंवा डिचोलीतल्या हौशी माणसाला वाटलं तर नवल नाही.

त्याच्या गरजा वाचल्या तर आशाही वाटते. सकाळचं कोवळं ऊन, दुपारची सावली, निचऱ्याची किंचित आम्लधर्मी माती, बुंध्याभोवती पालापाचोळ्याचं आच्छादन. डिचोलीची जांभी माती आम्लधर्मीच असते, सावलीला माडा-पोफळींचं कुळागर आहे आणि पालापाचोळ्याला तोटा नाही.

अडतं ते थंडीपाशी. शरदात पानं गळाली की मेपलचे डोळे झोपी जातात. शून्य ते सात अंश सेल्सिअसच्या आसपासची थंडी कित्येक आठवडे मिळाल्याशिवाय ते नीट जागे होत नाहीत. गोव्यात ऐन जानेवारीतही पहाटेचा पारा बहुधा विशीच्या आसपासच थांबतो. मग पालवी उशिरा आणि तुटक फुटते आणि झाड वर्षागणिक खंगत जातं. मार्च उजाडला की पानांच्या कडा करपतात. पुढे पावसाळा येतो. सुमारे तीन हजार मिलिमीटर पावसात कुंडीत पाणी साचलं, तर मुळं कुजायला वेळ लागत नाही. वातानुकूलित खोलीचाही उपयोग नाही, कारण चोवीस अंश ही मेपलच्या लेखी थंडी नव्हेच.

बी ओल्या वाळूत घालून तीन महिने फ्रिजमध्ये ठेवलं तर ते रुजतं, हे खरं. पण खरी अडचण रुजल्यानंतरची आहे. शिवाय लाल वाणाच्या बियांतून लालच झाड येईल याची खात्री नसते, म्हणूनच रोपवाटिका असे वाण कलमानं वाढवतात. मेपल पाहायचाच असेल तर हिमालयातल्या थंड हवेच्या गावात जावं, हे बरं.

लाल पानांचीच हौस असेल तर मेपलचा एक भाऊबंद गोव्याच्या रानात पहिल्यापासून आहे: कोशिंब. पूर्वी मेपलचं कूळ वेगळं धरत. डीएनएच्या आधारे नवं वर्गीकरण झालं आणि मेपल रिठा, लिची आणि कोशिंबाच्या कुळात येऊन बसला. दोघांचा लाल रंगही एकाच जातीच्या द्रव्यांचा, अँथोसायनिनांचा. फरक वेळेचा आहे. मेपल शरदात, पान गळायच्या आधी पेटतो. कोशिंब फेब्रुवारी-मार्चमध्ये, पान जन्मतानाच. कोवळ्या पानात हरितद्रव्य भरेपर्यंत हा रंग त्याला कडक उन्हापासून वाचवत असावा, असा एक तर्क आहे. थोड्याच दिवसांत सगळं झाड हिरवं होतं. हा सोहळा लहान असतो, पण त्यासाठी थंडीची वाट पाहावी लागत नाही.

कोशिंब देखणा आहे तसाच कामाचाही. त्याच्या फांद्यांवर लाखेचे किडे पोसतात, बियांतून तेल निघतं, आणि लाकूड इतकं कठीण की तेलाच्या घाण्यासाठी ते वापरलं जाई. फळातला आंबटसर गर मुलांच्या आवडीचा.

लावायचा असेल तर ताजं बी पावसाळ्यात थेट जागेवरच पेरावं. सोटमूळ खोल जातं, त्यामुळे मोठं झालेलं रोप उपटून दुसरीकडे लावलं तर बिथरतं. पहिल्या दोन-तीन उन्हाळ्यांत पाणी द्यावं आणि गुरांपासून कुंपण करावं. घराच्या भिंतीला खेटून मात्र लावू नये. हे झाड पंचवीस-तीस मीटरही जातं, आणि गोव्यात १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्यामुळे पुढे ते तोडायचं म्हटलं तर परवानगी काढावी लागते.

अंगण लहान असेल तर भिरंड, म्हणजे कोकम, लावावी. तिची पालवीही तांबूस असते, आणि कुळागराच्या सावलीत ती सुखानं वाढते. बियांपासून केलेल्या रोपांत नर झाडंही निघतात, आणि नराला फळ धरत नाही; हे कळेपर्यंत सात-आठ वर्षं निघून जातात. सोलांसाठी भिरंड हवी असेल तर मादी झाडाचं कलमच मागून घ्यावं.