वेताळाचा प्रश्न आणि मुलांची आठवण

वेताळाची गोष्ट संपते तिथे खरी सुरू होते. एका मुलीवर तिघांचं प्रेम. ती मरते. एक जण तिच्या राखेला कवटाळून स्मशानातच राहतो, दुसरा अस्थी घेऊन गंगेला जातो, तिसरा वणवण फिरून संजीवनीचा मंत्र मिळवतो आणि ती जिवंत होते. आता तिचा नवरा कोण? ठाऊक असून गप्प राहिलास तर डोक्याची शकलं होतील, असं वेताळ बजावतो आणि उत्तराची वाट पाहतो. विक्रम राजा सांगतो: जीव देणारा तो बाप, अस्थी गंगेत नेणारा तो मुलगा, राखेजवळ राहिला तो नवरा. मौन मोडलं, प्रेत पुन्हा झाडावर. ‘चांदोबा’ वाचत मोठे झालेल्यांना आणि १९८५ मध्ये दूरदर्शनवर या गोष्टींवरची मालिका पाहिलेल्यांना हे नव्यानं सांगायला नको.

विक्रमामुळे आपण ही गोष्ट उज्जैनची मानतो. अकराव्या शतकातल्या सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त मात्र राजाचं नाव त्रिविक्रमसेन आहे आणि त्याची नगरी आहे गोदावरीकाठचं प्रतिष्ठान, म्हणजे आपलं पैठण. पुढच्या काळात ही कथा उज्जैनच्या विक्रमादित्याच्या नावावर जमा झाली. गोष्टींना उज्जैन मानवतंच. ‘मेघदूता’त कालिदास मेघाला अवंती देशाची ओळख करून देतो ती अशी, की तिथल्या गावागावांतली वृद्ध माणसं उदयनाच्या कथा जाणतात. एखाद्या मुलखाची खूण म्हणून कवीला गोष्टी सांगणारे म्हातारे आठवावेत, ही मला फार मोलाची नोंद वाटते.

गोष्ट सांगून झाल्यावर प्रश्न विचारायचा आणि उत्तरासाठी थांबायचं, ही वेताळाची रीत. मुलांच्या स्मृतीचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ गेली चाळीसेक वर्षं याच रीतीभोवती फिरत आहेत.

आपल्याला आयुष्याची पहिली तीन-साडेतीन वर्षं सहसा आठवत नाहीत. लहानपणी ती आठवत असतात, मग हळूहळू पुसली जातात. पॅट्रिशिया बॉवर आणि मरिना लार्किना यांनी तीन वर्षांच्या मुलांचं त्यांच्या आईशी घडलेल्या प्रसंगांबद्दलचं बोलणं नोंदवलं आणि काही वर्षांनी त्याच मुलांना ते प्रसंग विचारले. पाच ते सात वर्षांच्या मुलांना साठ टक्क्यांहून अधिक प्रसंग आठवत होते. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना चाळीस टक्केही नाही. विसरणं असं शाळकरी वयातच घडून जातं. मग काही आठवणी टिकतात त्या कशामुळे?

मिंडा टेसलर आणि कॅथरीन नेल्सन यांचा १९९४ चा प्रयोग यावर बरंच सांगून जातो. तीन वर्षांची मुलं आईबरोबर संग्रहालय पाहून आली. नंतर त्यांना काय आठवलं? ज्या वस्तूंबद्दल आई आणि मूल दोघंही बोलले होते, त्या. आई एकटीच बोलली किंवा मूल एकटंच बोललं, त्या वस्तू गेल्या. समोर दिसलं म्हणून मनात राहिलं असं होत नाही. दोघांनी मिळून बोललेलं राहतं.

२०२२ मध्ये महाकाल लोक खुलं झाल्यापासून महाराष्ट्रातून उज्जैनला जाणाऱ्या कुटुंबांची रीघ लागली आहे. दर्शनाची रांग, हरसिद्धीसमोरच्या मराठा वळणाच्या उंच दीपमाळा, रामघाटावर क्षिप्रेची आरती, मग परतीची गाडी. यातलं चार वर्षांच्या मुलीजवळ काय उरेल, हे मोबाइलमधल्या फोटोंवर फारसं ठरत नाही. ते गाडीतल्या गप्पांवर ठरतं.

त्या गप्पा कशा, हेही महत्त्वाचं. “काल आपण कुठं गेलो होतो? सांग. अगं, कुठं गेलो होतो?” असं विचारणारे पालक परीक्षा घेतात; एक बरोबर उत्तर हवं असतं आणि मूल लवकरच कंटाळतं. दुसरे पालक म्हणतात, “आपण होडीत बसलो आणि तू पाण्यात हात घातलास, तेव्हा तुला कसं वाटलं?” मूल जे म्हणेल त्याला धरून पुढचा प्रश्न विचारतात. न्यूझीलंडच्या इलेन रीस आणि अमेरिकेच्या रॉबिन फिव्हुश यांनी या दोन ढंगांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. दुसऱ्या ढंगाच्या घरांतली मुलं पुढे आपल्या आठवणी अधिक तपशिलानं, सुसूत्रपणे सांगतात. ही सवय पालकांना शिकवताही येते. १९८८ मध्ये ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट यांनी दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या पालकांना चित्रपुस्तक वाचताना मोकळे प्रश्न विचारायला शिकवलं; महिन्याभरात ती मुलं भाषेच्या चाचण्यांत बाकीच्यांच्या काही महिने पुढे गेली. फिव्हुश यांना आणखी एक गोष्ट दिसली: पालक मुलींशी भावनांबद्दल जास्त बोलतात, मुलांशी कमी. आपल्याकडच्या घरांनी हे मनावर घ्यायला हवं.

न्यूझीलंडमध्येच २००० साली शेली मॅकडोनाल्ड आणि सहकाऱ्यांनी प्रौढांना त्यांची सर्वांत जुनी आठवण विचारली. युरोपीय वंशाच्या लोकांची ती सरासरी साडेतीन वर्षांची निघाली, माओरींची पावणेतीन वर्षांच्या आसपासची. माओरी घरांत पूर्वजांची वंशावळ आणि कुळकथा तोंडी सांगण्याची परंपरा आजही जिवंत आहे. संशोधकांनी या फरकाचं नातं त्याच परंपरेशी जोडलं.

पण पालकांच्या शब्दाची ही ताकद उलटही फिरते. बालमानसशास्त्राचा पाया घालणाऱ्या जाँ पियाजे यांना लहानपणीचा एक प्रसंग लख्ख आठवत असे: पॅरिसच्या शाँझेलिझे रस्त्यावर त्यांना बाबागाडीतून पळवायचा प्रयत्न झाला आणि दाईनं ओरखडे सोसून त्यांना वाचवलं. ते पंधरा वर्षांचे असताना दाईचं पत्र आलं. तो प्रसंग तिनं रचलेला होता. बक्षीस मिळालेलं घड्याळ तिनं परत केलं. घरात ऐकलेली गोष्ट पियाजेंच्या मनात डोळ्यांनी पाहिलेली आठवण होऊन बसली होती. “तू लहानपणापासूनच भित्रा” हे वाक्यही असंच बसतं, म्हणून ते सहज तोंडून काढू नये.

घराच्या इतिहासाचं काय? अटलांटाच्या एमरी विद्यापीठात मार्शल ड्यूक आणि फिव्हुश यांनी २००१ च्या सुमारास मुलांसाठी वीस प्रश्न तयार केले. आईवडील कसे भेटले? आई कुठे वाढली? तुझं नाव कशावरून ठेवलं? तुझ्या जन्माच्या वेळी काय घडलं? ज्या मुलांना अधिक उत्तरं ठाऊक होती, त्यांचा आत्मविश्वास जास्त होता. त्याच वर्षी ११ सप्टेंबरचे हल्ले झाले आणि त्या ताणातही ही मुलं अधिक सावरलेली दिसली. म्हणून वीस उत्तरं पाठ करून घ्यायची असं नाही. तसं केल्यानं काही साधत नाही, हे ड्यूक यांनीच बजावलं आहे. ती उत्तरं ज्या जेवणाच्या पंगतीत, ज्या निवांत वेळी मुलांच्या कानी पडली, त्या वेळेचं ते मोल. आणि सर्वांत बळ देते ती चढउतारांची कथा: आपण वर आलो, मग खाली गेलो, तरी एकमेकांना धरून राहिलो.

उज्जैनच्या मराठी घरांजवळ अशा कथेचा ऐवज भरपूर आहे. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी अठराव्या शतकात महाकालाचं मंदिर पुन्हा उभारलं. शिंद्यांची राजधानी इथे नांदली आणि १८१० मध्ये दौलतरावांनी ती ग्वाल्हेरला नेली. कोणाचे पूर्वज फौजेबरोबर माळव्यात आले, कोणाचे दप्तर सांभाळायला, कोणाचे पूजाअर्चेला. राजधानी गेल्यावर मागे राहिलेल्यांनी संसार कसे सावरले, हे इतिहासाच्या पुस्तकात मिळायचं नाही. ते आजी-आजोबांकडे असलं तर असेल.

हिंदी मुलखात मुलांना सांगतात, दिवसा गोष्ट ऐकली तर मामा वाट चुकतो. गोष्टीची वेळ रात्रीची. मानववंशशास्त्रज्ञ पॉली विस्नर यांनी कलहारी वाळवंटातल्या जुन्होआन्सी लोकांचं बोलणं नोंदवलं, तेव्हा दिवसाच्या संभाषणात कथा फक्त ६ टक्के होत्या. रात्री शेकोटीपाशी ८१ टक्के. दिवसाचं बोलणं कामाचं आणि कुरबुरींचं, रात्रीचं माणसांचं. आपल्या घरांतली ती रात्रीची वेळ आता पडद्यांनी खाल्ली आहे, आणि हे नुकसान मला मोठं वाटतं.

वेताळाच्या शेवटच्या गोष्टीत बाप आणि मुलगा दोन स्त्रियांच्या पाऊलखुणा पाहून ठरवतात: मोठ्या पावलांची ती बापाची, लहान पावलांची ती मुलाची. गाठ पडल्यावर कळतं की मोठी पावलं लेकीची आहेत आणि लहान तिच्या आईची. तरी दिलेला शब्द पाळला जातो. मग त्यांच्या मुलांचं एकमेकांशी नातं काय? इथे राजा निरुत्तर होतो. आज रात्री हा प्रश्न घरातल्या मुलांना घाला. उत्तराची घाई करू नका, त्यांना नात्यांची गुंतवळ कागदावर काढू द्या. त्यानंतर त्यांना त्यांच्याच पणजोबांबद्दल विचारा, आणि त्यांना ठाऊक नसेल तर आजीला फोन लावून द्या.